टेटचे पाय जड आहेत

ती. व्हर्लाताईस,

तुझ्या धाकट्या भावाचा, रॉयसचा, नमस्कार. मी बरा आहे. तुझा खुबा कसा आहे? नवा सांधा बसवून सहा महिने झाले नाहीत, डॉक्टरांनी काठी सोडू नका म्हणून बजावलंय, तरी तू चर्चच्या पायऱ्या काठीशिवाय चढतेस हे मला इथे इतक्या लांब बसून कळतं. कसं कळतं ते विचारू नकोस. (पाद्रीबाईंचा फोन आला होता. त्यांना बोलू नकोस, बिचाऱ्या काळजीने सांगतात.) रक्तदाबाच्या गोळ्या वेळेवर घेत जा. निदान हे पत्र पुढे वाचण्याआधी आजची घे.

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, समन्सच ते! आपल्या टेटला बघायला तीन मोठ्या बास्केटबॉल संघांची माणसं आली, पेपरात छापून आलं, आणि जो सख्खा मामेआजोबा एकतीस वर्षं असल्याच एका संघाकडून कॉलेजातली पोरं पारखण्याचा पगार घेतो त्याला एक फोन करून सांगता येत नाही, असं तू लिहिलंस. येत्या जूनच्या ड्राफ्टमध्ये मोठे संघ पोरं उचलतील तेव्हा माझ्या नातवाचं नाव पुकारलं जाणार की नाही, एका शब्दात कळव, असंही लिहिलंस आणि खाली दोन रेघा मारल्यास. ताई, तू रेघा मारल्यास की मी एकदम चौथीत जाऊन बसतो. पण एका शब्दात सांगणं मला कधी जमलंय का? आधी त्या तीन संघांचं ऐक. कारण ती माणसं टेटमुळे आलेली नाहीत, माझ्यामुळे आली, आणि त्याची मला इतकी लाज वाटते की ऑफिसात मी अजून तोंड उघडलेलं नाही.

आमच्या धंद्याचा एक नियम आहे. आम्ही पारखी लोक सामन्याला जातो, टोपलीमागच्या खुर्च्यांवर ओळीने बसतो आणि दोन तास मयताला आल्यासारखा चेहरा ठेवतो. पोराने आकाशातून चेंडू काढून आणला तरी टाळी नाही, हसू नाही, भुवई हलवायची नाही. कारण शेजारी दुसऱ्या संघाचा माणूस बसलेला असतो आणि तो मैदानाकडे कमी आणि आपल्या तोंडाकडे जास्त बघत असतो. दुसऱ्या संघाचा तो हर्शेल तुला आठवत असेल (आपल्याकडे एकदा जेवायला आला होता आणि तुझा अख्खा रूबार्बचा केक एकट्याने संपवून गेला होता), तो तर म्हणतो की खेळाडू बघायची काय गरज, रॉयस केव्हा खोकतो एवढं बघितलं की झालं. मेला खरंच तसं करतो.

म्हणून टेटच्या सामन्याला मी त्या खुर्च्यांवर बसलोच नाही. शिवाय मी आलोय हे टेटला कळलं असतं तर पोरगं बिचकलं असतं. मी आपला गपचूप वर गेलो आणि कॉलेजच्या बँडमध्ये जाऊन बसलो. (माझ्या अकलेचे दिवे तुला नवीन नाहीत.) उजव्या कानाला ट्यूबा, म्हणजे तो भलामोठा पितळी भोंगा, वाजवणारी दांडगी मुलगी, डाव्या बाजूला झांजा वाजवणारा एक किडकिडीत मुलगा. पूर्वार्धातच मला उजवीकडचं ऐकू येईनासं झालं. उत्तरार्धात त्या मुलाच्या पोटात कळ आली. काका, एवढं धरता का, म्हणाला आणि दोन्ही झांजा माझ्या हातात कोंबून पळाला. मी धरल्या. नाही कसं म्हणणार? म्हाताऱ्या माणसाला कोणी काही धरायला दिलं की बरंच वाटतं.

शेवटचं मिनिट, एका गुणाचा फरक, टेटच्या अंगावर दोघं. आणि ताई, त्या पोराने न बघता, पाठीमागून, दोघांच्या पायांमधल्या फटीतून चेंडू असा सोडला की पलीकडच्या पोराला तो हातात आल्यावरच कळलं. नेमकं त्याच क्षणी ट्यूबावालीने मला कोपर मारलं. मी उठलो आणि झांजा वाजल्या. शुद्ध अपघात. पण नेमका बँड थांबलेला होता, त्यामुळे अख्ख्या जिममध्ये तेवढाच एक आवाज झाला. समोरच्या टोपलीमागे हर्शेलने मान वर केली, मला बघितलं, चष्मा पुसला, परत बघितलं आणि वहीत काहीतरी लिहिलं. एकतीस वर्षांत टाळी न वाजवलेला माणूस झांज वाजवतो म्हटल्यावर पुढच्याच आठवड्यात तीन संघ तिथे हजर झाले. म्हणजे ते बघायला आले त्या मुलीच्या कोपराचा परिणाम. तू पेपरातलं कात्रण फ्रिजवर लावलं असशील तर काढ.

आता सरळ उत्तर. तुझा नातू म्हणून नाही, परक्याचा पोरगा म्हणून मी त्याला चार वेळा बघितलं. अख्ख्या देशातून दरवर्षी साठ पोरं उचलतात, साठ. टेटचे पाय जड आहेत. वरच्या संघांत जी पोरं त्याच्यासमोर येतील ती त्याला चकवून अशी निघून जातील की हा वळेपर्यंत ती घरी जाऊन जेवायला बसलेली असतील. उंची कॉलेजच्या पुस्तकात सहा फूट पाच इंच लिहिलीय, पण ती बुटांसकट आणि मला वाटतं केसांसकट. अनवाणी उभा केला तर सहा-तीन. डावा हात बरा आहे, पण नुसता बरा. आणि एक वाईट खोड आहे. बाकावर बसवला की सामना बघायचं सोडून पहिल्या वर्षाच्या कुठल्यातरी गोलमटोल पोराला पाय कसे रोवायचे ते शिकवत बसतो. असल्या गोष्टी आमच्या अहवालात चांगल्या दिसत नाहीत.

तेव्हा ताई, जूनमध्ये त्याचं नाव पुकारलं जाणार नाही. मला माहीत आहे तू काय काय केलंस. आठ वर्षं रोज पहाटे पाचला, बर्फ असो की काही असो, तू त्याला जुन्या पिकअपमधून शाळेच्या जिमला नेत होतीस आणि तो नेम मारत असताना पायरीवर बसून स्वेटर विणत होतीस. त्या सगळ्यावर मी असं पाणी ओततोय. राग आला तर माझ्यावर काढ. टेटला एका शब्दाने बोलू नकोस, त्याच्या पायांना तो काय करणार? जड पाय आपल्याच घराण्याचे आहेत, वडिलांचे आठव.

काळजी घे. काठी घेऊन चाल.

तुझाच,
रॉयस

ता.क. पत्र पाकिटात घातलं, चिकटवलं, पेटीपर्यंत नेलं आणि परत आणून फाडून उघडलं. ताई, वरच्या चार पानांतलं तुझ्या खुब्याबद्दलचं आणि उंचीबद्दलचं तेवढं खरं आहे. कोपर कोणी मारलं नाही. झांजा मी वाजवल्या, दोन्ही हातांनी, आणि वाजवताना बोंबललोही. तसा पास मी उभ्या आयुष्यात तीनदा बघितलाय. टेटचे पाय अजिबात जड नाहीत. परक्याचा पोरगा असता तर मी ऑफिसात टेबल बडवून सांगितलं असतं की पहिल्या तिसांत घ्या, नाहीतर हर्शेल नेईल.

ता.क. दुसरा. हे मी तुला सांगायचं नव्हतं. गेल्या शनिवारी टेट चार तास गाडी चालवत माझ्याकडे आला. नाक्यावरच्या खानावळीत बसलो, गरम ग्रेव्ही ओतलेली पावबिस्किटं मागवली आणि त्याने खाल्ली नाहीत. (तुझा नातू आणि ताट तसंच! मी तिथेच घाबरलो.) म्हणाला, "आजोबा, मला नाही जायचं. आपल्या गावच्या शाळेत सहावीला शिकवायची जागा आहे आणि पोरांचा संघही सांभाळायचाय. त्यांनी मला हो म्हटलंय."

मी म्हटलं, "मग आजीला सांग की!"

"कोणत्या तोंडाने सांगू? आठ वर्षं ती पहाटे उठली. मी नको म्हटलं तर ती म्हणेल, तुला हवं ते कर बाळा, आणि आत जाऊन भांडी घासत बसेल. तुम्हीच लिहा ना, मी लायक नाही म्हणून. तुमचं ती ऐकते. नाकारलं म्हटलं तर तिला तुमचा राग येईल, पण माझ्यामुळे वाईट नाही वाटणार."

चार सामने मी त्याचे हात बघितले, पाय बघितले, आणि जिंकल्यावर बाकीची पोरं एकमेकांच्या अंगावर उड्या मारत असताना हा घड्याळाकडे बघायचा, तेही बघितलं होतं. हसताना मी त्याला एकदाच पाहिलं, त्या गोलमटोल पोराला पाय रोवता आले तेव्हा. पण माझ्या वहीत हसण्याचा रकाना नाही. मी त्याला वचन दिलं आणि घरी येऊन तुला चार पानं खोटं लिहिलं. तुझ्याशी खोटं बोलायला बसलं की माझं अक्षर सुधारतं, हे तुझ्या लक्षात आलंच असेल.

ता.क. शेवटचा, आणि विनंती हीच. येत्या रविवारी तो जेवायला येईल आणि आल्या आल्या विचारेल, रॉयसआजोबांचं पत्र आलं का? तू नाही म्हण. पुढे गप्प बैस. (हे तुला जड जाईल. गप्प बसायची वेळ आली की तू लोकांना वाढत सुटतेस. वाढू नकोस.) थोडा वेळ गेला की तो आपल्या तोंडाने सांगेल, मला खात्री आहे, कारण खोटं त्यालाही नीट जमत नाही. सांगितलं की 'तुला हवं ते कर' असं म्हणू नकोस. वर्गात पोरं किती आहेत, ते विचार. मग त्याचा चेहरा नीट बघ ताई, तू तिथे असशील आणि मी नसेन याचं मला फार वाईट वाटतंय.

पत्र तुला गुरुवारी मिळेल. रविवारपर्यंत मध्ये दोन दिवस आहेत. काय रडायचं ते तेवढ्यात रडून घे. मीही इथे तेच करतोय.