थंड व्हायला तयार नसलेली भट्टी

तीर्थरूप काकांना साष्टांग नमस्कार (तुमची कंबर धरल्याचं कळलं, आशीर्वाद बसल्या जागेवरून दिलात तरी चालेल).

आपल्या बेकरीची भट्टी आज सकाळी थंड झाली. महापालिकेच्या निरीक्षकबाईंनी कोपरापर्यंत हात आत घालून तशी खात्री केली आणि काजळीने माखलेल्या त्याच हाताने दाखल्यावर सही केली. काकूंचा खोकला कसा आहे? इथे सगळे ठीक, म्हणजे आबा सोडून.

झालं असं. शहराने हवेत जाणारा कार्बन कमी करायचं मनावर घेतलंय. बस विजेवर गेल्या, आता पाळी लाकडाच्या भट्ट्यांची. माझी तक्रार नाही. समोरच्या शिक्षिकाबाईंनी आपल्या धुरापायी कायमची लावून घेतलेली खिडकी उघडली, तेव्हा कळलं की त्या गातात (बऱ्यापैकी). नवी विजेची भट्टी दुकानात येऊन उभी आहे, पण जुनी थंड झाल्याचा दाखला मिळाल्याशिवाय नवीला वीज जोडून देत नाहीत. आणि जुनी काही केल्या थंड होईना! तुम्ही आणि आबांनी मिळून बांधलेल्या त्या जाडजूड भिंती. इतक्या वर्षांची धग लगेच कशी सोडतील? निरीक्षकबाई यायच्या, हात लावायच्या, चटका बसायचा, मग माझ्याकडे चोराकडे बघावं तशा बघायच्या. आबा उरलेल्या धगीवर टोस्ट भाजून मोकळे. "एक तरी लाकूड दाखवा मला," म्हणून त्यांनी बाईंच्याच हातात टोस्ट ठेवला. बाईंनी टोस्ट खाल्ला, दाखला मात्र दिला नाही. इकडे दुकान बंद, गिऱ्हाईकं दुसरीकडे वळायला लागलेली.

शेवटी मला आबांचाच संशय आला. दुपारी ते झोपायला गेले असं समजून मी भट्टीकडे गेलो, तर ते तिथेच! भट्टीच्या दारावर स्वतःचं लोकरीचं पांघरूण घालून, लेकराच्या अंगाखाली सारावं तशा त्याच्या कडा फटींत खोचत होते. मी तापलो (घरात आता तापणारा मीच उरलोय).

"अहो आबा, रविवारी फोडायचीय ती!"

"ठाऊक आहे. एकदम गार पडली तर तडकेल."

"पण फोडायचीच आहे ना?"

"मग फोडू देत. तडकलेली होती असं कुणी म्हणायला नको."

एक कडा सुटली होती, ती मी नीट खोचली आणि बाहेर आलो. त्यापायी दुकानाचे आणखी खाडे झाले ते झालेच.

काकूंना नमस्कार. कंबरेला जपा.

ता. क. खरं काम पुढेच आहे. रविवारी घण पडताना आबा इथे नसावेत. तुमच्याकडे विजेची भट्टी आहेच. फोन करून म्हणा, "दादा, पाव कच्चा राहतोय, येऊन बघ." पाहुणचाराला ते यायचे नाहीत; चूक काढायला हमखास येतील.

आणखी ता. क. बायको म्हणते, काकांना या वयात खोटं बोलायला लावू नका. पण तशी अडचण नाही. तुमचा पाव कच्चा असतो हे आबा येणाऱ्याजाणाऱ्याला कित्येक वर्षं सांगताहेत, त्यामुळे लगेच पटेल. शनिवारी दुपारच्या गाडीत त्यांना बसवून देतो. उतरल्यावर पाणीसुद्धा न पिता ते आधी तुमचा पाव दाबून बघणार. तेव्हा काका, त्या दिवशीचा पाव तेवढा खरंच जरा लवकर बाहेर काढा.