रागिणीच्या सायकलचा ब्रेक

अंजनगाव सुर्जी,
गुरुवार

भगवंता,

जानरावचा रामराम. गुडघे कसे आहेत? माझे उत्तम आहेत, म्हणजे दोन्ही सारखेच दुखतात. फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र लिहितो आहे (ते नितेश उचलेल आणि बापापुढे ठेवेल). रुख्मिणीवहिनी गेल्यापासून तू अकोल्यातल्या घराचा उंबरठा ओलांडत नाहीस, असं तो सांगत होता. त्यावर मी काही बोलणार नाही. मला फक्त सायकलविषयी बोलायचं आहे.

माझी नात रागिणी, तिच्या सायकलचा मागचा ब्रेक दाबला की किंचाळायचा. आता आमच्या घरी जे कुरकुरतं त्याला तेल मिळतं, मग ते बैलबंडीचं चाक असो की गोठ्याचं दार. तेव्हा मी मोठ्या प्रेमाने चाकाच्या रिंगेला आणि ब्रेकच्या रबरांना जवसाचं तेल चोपडलं. आवाज एकदम बंद. पोरीच्या हाती देण्याआधी आपण एक चक्कर मारून बघावी, म्हणून वेशीच्या उतारावर गेलो (सायकल एवढीशी, माझे गुडघे कानाला लागत होते). ब्रेक दाबला, आणखी दाबला, सायकलने दखलच घेतली नाही. उताराच्या तळाशी पार्वताबाई भाजी मांडून बसली होती, तिच्या पालकात जाऊन थांबलो. "जानरावभाऊ, आवाज तं द्यायचा," ती म्हणाली. "आवाजच तं बंद करून आलो ना बाई," मी म्हणालो. घरी आल्यावर तुझ्या वहिनीने, आशाबाईने, आधी सायकलचा वास घेतला आणि मग विचारलं, "पोरीच्या सायकलीले फोडणी देल्ली का तुमी?" मी सगळं खोललं, साबणाने धुतलं, पुन्हा जोडलं. एक नट उरला. तो कुठला, हे अजून कळलेलं नाही.

पालकात पडल्या पडल्या मला तूच आठवलास. महादेवरावांच्या दुकानातून आपण भाड्याने छोटी सायकल आणायचो, तिला ब्रेक हा प्रकारच नव्हता. मी हँडल धरायचो आणि तू मागे बसून टायरवर चप्पल दाबायचास. तुझी उजवी चप्पल झिजून पापड व्हायची, डावी मात्र नवी कोरी. तुझ्या आईला वाटलं, पोरगा लंगडतो. तिने तुला अचलपूरच्या वैद्याकडे नेलं, आणि तू महिनाभर कडू काढा प्यायलास, पण सायकलचं नाव काढलं नाहीस. पुढे तूच जुन्या टायरचे तुकडे कापून गावातल्या पोरांच्या सायकलींना ब्रेक बसवायला लागलास. तुझ्या अंगणात रांग लागायची. ते दिवस फार आठवतात, आणि तू त्याहून जास्त आठवतोस.

तर ब्रेक लावायला ये. सकाळची अकोल्याहून अकोटमार्गे येणारी एसटी धरलीस तर जेवायला पोचशील.

तुझा,
जानराव

ता.क. पाना आणू नकोस, माझ्याकडे आहे.

आणखी ता.क. खरं सांगायचं तर माझ्या रोहितने परवाच सायकल दुकानात नेऊन ब्रेक झकास करून आणला. त्याची पाठ वळताच मी तो खोलून ठेवला, आणि रागिणीला सांगितलं की आता भगवंतआबा आल्याशिवाय सायकलला हात लावायचा नाही. कालपासून ती शाळा सुटली की पायी स्टँडवर जाते आणि अकोल्याच्या गाडीतून शेवटचा माणूस उतरेपर्यंत उभी राहते.