दाते न पाडलेला विळा

दिघोरी,
२२ सप्टेंबर २०२४

ती. सत्यभामा आत्यास,
सा. न. वि. वि.

इकडे सर्व ठीक आहे. तुला फोनवर ऐकू येत नाही, म्हणून पत्रच बरं. शिवाय माझ्याकडून अक्षरं शिकलीस, ती विसरायला नकोत. दुपारी घर झोपलं की मी धान्याच्या खोलीत बसून लिहिते. डाव्या हातानं लिहिताना कुणी पाहायला नको.

तेच सांगायचं आहे. लग्नाला चार महिने झाले, पण मी डावखुरी आहे हे इथे फक्त ह्यांना ठाऊक आहे. लग्नानंतरच्या पूजेत मी प्रसाद डाव्या हातानं पुढे केला होता. तेव्हा सासूबाईंनी विचारलं, काहून वं, उजव्या हाताची मेंदी वाळाची आहे का? सगळ्या हसल्या. त्या रागावल्या नव्हत्या, पण तेव्हापासून मी सगळं उजव्यानं करते. हे म्हणतात, आईला सांगून टाक. मला धीर होत नाही.

आता विळ्याचं आलं आहे. या घरात नव्या सुनेच्या पहिल्या कापणीला तिच्या हाताच्या मापाचा विळा घडवतात. मूठ बदलते, पातं जन्मभराचं, असं सासूबाई सांगतात. त्यांचा त्यांच्या पहिल्या वर्षाचाच आहे. हार्वेस्टर गावात येतं, पण तलावाखालच्या आमच्या बांध्या, म्हणजे धानाची खाचरं, ओल्या राहतात, मशीन फसतं. तिथे हातानंच कापावं लागतं. तुलाराम लोहार माप घ्यायला येणार आहे. आणखी काय हवं तेही त्याला एकदाच सांग, असा हुकूम आहे.

तुला धारेच्या अवजारांचा शौक, म्हणून विचारते. जन्मभराचं म्हणून काय काय घ्यावं? आणि विळ्यासाठी कोणता हात पुढे करू? परसात उजव्यानं गवत कापून पाहिलं, तर डाव्या करंगळीला लागलं. जाऊबाईंना, म्हणजे कामिनीताईंना, सांगितलं की डब्याचा पत्रा लागला. ते खोटं अजून टोचतं आहे. आईला पत्र वाचून दाखवताना करंगळीचं तेवढं गाळ.

माझ्यावरची माया कमी होऊ देऊ नकोस.

तुझी
दामिनी


आंबागड,
२९ सप्टेंबर

चि. सौ. दामिनीले आत्याचे आशीर्वाद.

पत्र भेटलं. करंगळी गाळली. तरी तुझी माय म्हणते पोरगी वाळली असन. मी म्हटलं तिचं लग्न झालं, दुष्काळ नाही पडला.

धारेचं विचारलं तं ऐक. पहिले पावशी, भाजी चिराची. पाट शिवणीच्या लाकडाचा घे, बसल्यावर हालला नाही पाहिजे. पावशीले हात समजत नाही. पातं उभं राह्यते, भाजी कोण्याही हातानं रेट. म्हणूनच चार महिने तुझं निभलं. सुरी एकच घे, लहान, लसूण-मिरचीपुरती, पण लोहाराची. बाजारातली चमकते लय, पोळ्याले घेतली तं दिवाळीले बोथट. कुऱ्हाड हलकी पाहिजे, दांडा तिवसाचा. सरोता हौसेचा आहे. तू सुपारी खात नाही, मी बी आता दातानं खात नाही, पण पाहुण्यापुढं ठेवाले बरा दिसते.

हे सारं कोणाच्याही हाती चालते. विळा तेवढा हात मागते. त्याचे दाते एकाच अंगानं राह्यतात. उजव्याचा विळा डाव्या हाती दिला तं धानावरून घसरते. इकडं मी तुझ्यासाठी उलटे दाते पाडून आणला होता, आठवते ना? तो आड्याले खोसून आहे. पाठवला असता, पण माहेरची धार सासरी गेली तं नातं कापते म्हणतात. मी नाही मानत, तुझी माय मानते.

तं माप खोटं देऊ नको. जन्मभराचं काम आहे ते.

आठवण ठेवजो. माझं अक्षर कसं आहे तेही लिहिजो.

तुझी आत्या
सत्यभामा


दिघोरी,
१३ ऑक्टोबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं अक्षर चांगलं आहे. ‘ध’ आणि ‘घ’ मात्र अजून सारखेच काढतेस.

तुझं पत्र आलं त्याच्या आदल्याच दिवशी लोहार येऊन गेला. ओसरीवर सगळे बसले होते. त्यानं हात मागितला आणि मी उजवा पुढे केला. त्यानं तळव्याभोवती दोरा गुंडाळून माप घेतलं. सासूबाई शेजारी उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, हाच ना? मी हो म्हटलं.

सामान दसऱ्याच्या आधी आलं. पावशी, सुरी, कुऱ्हाड मी आपल्या मनानंच सांगितली होती, ती छान आहेत. घरातले जुने विळे त्यानं नव्यानं दाते पाडून दिले. माझा मात्र नुसताच. पातं वळवलेलं, मूठ बसवलेली, पण दाता एकही नाही. काल पूजेत सगळ्या धारांना हळद-कुंकू वाहिलं, त्यात तोही तसाच होता. लोहार विसरला असेल म्हणून कामिनीताईंना विचारलं. त्या म्हणाल्या, आईंनीच त्याले सांगितलं, हिचे दाते राहू दे.

तेव्हापासून झोप लागत नाही. मला शेतात न्यायचंच नाही का? शिकलेली आहे, हिच्यानं होणार नाही, असं वाटलं असेल? की माझा खोटेपणा कळला आणि ही शिक्षा आहे? कापणी दिवाळीच्या आधीच लागेल. त्यांच्याशी बोलायला जाते आणि पाणी पिऊन परत येते.

रागावलीस तरी माया राहू दे.

तुझी
दामिनी


आंबागड,
१८ ऑक्टोबर

चि. सौ. दामिनीले आशीर्वाद.

अवं येडे, एवढी पंधरावी शिकली अन् एवढं समजलं नाही? दाते पाडले की विळा एका हाताचा होते. नाही पाडले तं अजून दोन्ही हाताचा आहे. ही शिक्षा नाही. तुझी सासू तुले विचारून राहिली.

घरात धार कोणी हातात देत नाही, भुईवर ठेवते अन् दुसरी उचलते. चार महिने तू सुरी उचलून राहिली, पावशी उचलून राहिली. कोणता हात पहिले जाते अन् कोणता मंग घाईनं पुढं येते, थे तिले दिसलं नसन का? तिनं लोहाराले सांगितलं असतं तं उलटे दाते पाडून मोकळी झाली असती. नाही पाडले. तुझ्या तोंडून पाहिजे तिले.

मी चुकत असन तं मले शिव्या दे. पण सांग. मले उत्तर लिहाले बसू नको, पहिले तिच्यापाशी जा.

आत्या


दिघोरी,
२७ ऑक्टोबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचलं आणि तशीच उठले. सासूबाई अंगणात तांदूळ निवडत होत्या. मी विळा त्यांच्यासमोर भुईवर ठेवला आणि सांगितलं, मी डावखुरी आहे, लोहाराला खोटा हात दिला. त्यांनी मान वर केली नाही. विचारलं, करंगळी बरी झाली का?

मला रडू आलं. मग त्या बोलल्या, आणि ते बोलणं लागलं. म्हणाल्या, लोहाराले खोटा हात दिला थे दिला, मी विचारलं तवा मले हो काहून म्हटलं? मी माफी मागितली. त्यांनी सुपातला एक खडा दूर फेकला आणि म्हणाल्या, प्रसाद मातर उजव्या हातानंच वाढजो. मी कबूल केलं. ते मला पटलं आहे की नाही, अजून ठरत नाही, पण कबूल केलं आहे.

त्याच दिवशी आम्ही दोघी लोहाराकडे गेलो. त्यानं दुसऱ्या अंगानं दाते पाडले. डावा पंजा मोठा निघाला, म्हणून मूठही बदलावी लागली. तो पुटपुटत होता की या घरचं काम दोनदा करावं लागते. सासूबाईंनी त्याला ऐकवलं, एकदा करशीन तं तुले करमन का?

परवा तलावाखालची बांधी धरली. डाव्या हाताचा विळा शेजारणीला लागू नये म्हणून मला धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, कडेची पात दिली. सुरुवातीला माझी बुडखं वरखाली राहिली. कामिनीताई म्हणाल्या, इथं उंदरानं कापलं का? मग सासूबाई त्यांची पात सोडून माझ्या बाजूला आल्या. त्यांचा विळा पलीकडच्या हातात, माझा धुऱ्याकडच्या. त्यांचा डावा आणि माझा उजवा, असे धानाच्या मुठी धरणारे दोन हात मध्ये आले. दोघींनी कापलेलं धान एकाच कडप्यात, वाळायला पसरलेल्या एकाच ओळीत, पडत गेलं. दुपारपर्यंत त्यातलं कुणाचं कोणतं, ते सांगता आलं नसतं.

माझा जुना विळा आढ्यालाच असू दे. तिकडे आले की मला लागेल. आईला हे पत्र सगळं वाचून दाखव, काही गाळू नकोस.

हे ओसरीवर बसून लिहिते आहे. सगळे इथेच आहेत, तुझी पत्रंही त्यांना दाखवली. सासूबाई सांगतात, तुह्या आत्याले लिही, ‘धार’ लिवताना ‘घार’ लिवू नको म्हणा.

आहे ती माया अशीच असू दे.

तुझी
दामिनी