आक्का, तू नुसती खेळत नव्हतीस

प्रिय आक्का,

काल तुला जाऊन वर्ष झालं. बुद्धवंदना झाली, पंगत बसली आणि तात्या सगळ्यांसमोर म्हणाले, "दोन वरसं पोर नुसती गेम खेळत बसली. वाया गेलं बघा!" आबांचे थोरले भाऊ असले म्हणून काय झालं? मी गप्प बसले नाही. ते तुला सांगायलाच हवं, म्हणून लिहितेय. पण आधी तात्यांना जे माहीत नाही ते एकदा लिहून काढू दे.

उचगावातून सिव्हिलच्या डिप्लोमाला गेलेली आपल्या गल्लीतली पहिली मुलगी तू. दुसऱ्या वर्षाला हृदयाची झडप खराब निघाली आणि कॉलेज सुटलं. आबांनी कामावर, फौंड्रीत सगळ्यांना सांगून ठेवलेलं, "पोरगी इंजिनेर हुणार." त्यानंतर ते तुझ्या खोलीत यायचेच बंद झाले. तुला वाटलं, रागावले. राग नव्हता गं, त्यांना तुझ्याकडे बघवत नव्हतं.

शाहूपुरीतल्या नेट कॅफेतून तो गेम पेन ड्राइव्हवर मीच आणला आणि तुझ्या कॉम्प्युटरवर टाकला. त्यात गाड्या नाहीत, मारामारी नाही, जिंकणं-हरणं नाही. नुसते ठिपके! वाळूचे, पाण्याचे, दगडाचे, आगीचे. वाळू ढासळायची, पाणी वाट शोधायचं, बी ओलं झालं की वेल चढायची. मला दहा मिनिटांत कंटाळा आला. तू मात्र उशी पाठीला लावून बसलीस ती बसलीसच.

पहिलं धरण वाळूचं बांधलंस. फुटलं. मग दगडाचं बांधलंस आणि जादा पाणी उतरायला बाजूनं पायऱ्या काढल्यास. एकदा वेलींच्या आधारानं उभं राहिलेलं अख्खं गाव केलंस, आणि ते पूर्ण व्हायला आणि लाईट जायला एकच गाठ पडली! मी हळहळले. तू लाईट आल्यावर पुन्हा पायापासून सुरुवात केलीस.

आईची बोलणी आठवतात? "डोळं फुटतील की गं!" मग तू गेममध्येच वाळूचं घड्याळ केलंस. दगडाची टाकी, तळाला एकाच ठिपक्याचं भोक. वाळू संपायला आणि भात शिजायला बरोबर तेवढाच वेळ. आठवड्याभरात आईच स्वयंपाकघरातून ओरडायला लागली, "वाळू सपली का बघ गं!"

एक गोष्ट मला अजून टोचते. परीक्षेच्या दिवसांत मी तुझ्यावर खेकसले होते, "आक्का, काहीतरी खरं कर की!" तू माऊस सोडलाही नाहीस. म्हणालीस, "ह्यात खोटं काय हाय? पाणी खालीच जातंय की."

मी माफीही मागितली नाही.

आणि मग तू फौंड्री बांधलीस. वर धातू वितळवायची भट्टी, खाली तो ओतायचा वाळूचा साचा. लालभडक रस साच्यात सोडलास, आणि तिथं राहिलेल्या पाण्याची वाफ होऊन सगळा साचा उधळला. तीनदा तसंच झालं. आबा पाळीवरून आले होते. दारात थांबले, बघत राहिले.

"वाळू वली ऱ्हायली की असंच हुतंय," ते म्हणाले. "वाफंला जायाला वाट नगं?"

"कुठनं काढू वाट?" तू विचारलंस, जणू तुम्ही दोघं कालपर्यंत रोज बोलत होतात.

आबांनी स्टूल ओढलं. त्या दिवसापासून चहा तुझ्या खोलीतच जायला लागला. तू विचारायचीस, ते सांगायचे, तू बांधायचीस. आबा एवढं बोलतात हे मला तेव्हा कळलं!

पण एक विचारू? ऑपरेशनला जाण्याआधी तू सगळं पुसून का टाकलंस? धरण, गाव, फौंड्री, सगळं! "आल्यावर ह्याच्यापेक्षा मोठं बांधायचं हाय, जागा नगं व्हय?" म्हणालीस. आली नाहीस. एक तरी ठेवायचं होतंस गं माझ्यासाठी. मी रागावलेय तुझ्यावर, अजून.

तर काल. मी आमटीचं भांडं खाली ठेवलं आणि म्हणाले, "तात्या, आक्काचं काही वाया गेलं नाही. तिला चार पावलं चालवत नव्हतं, तरी ती रोज नवीन काहीतरी उभं करत होती. तुम्ही कधी बघायला आलात?"

"मोठ्या माणसाला उलटं बोलतीस व्हय गं?"

"व्हय. बोलते."

आई मला डोळ्यांनी दटावत होती. आबा मान खाली घालून जेवत होते. मला वाटलं, आता मलाच ओरडणार. त्यांनी हात थांबवला.

"दादा, तीस वरसं मी भट्टीवर हाय," ते म्हणाले. "वाळू कशी धरतीया, रस कसा पळतोय, घरात कुणी मला इचारलं न्हाई. तिनं इचारलं."

तात्या अर्ध्या पानावरून उठले. काकू जाताना बोलली नाही. नाही तर नाही! मला त्याचं काही वाटत नाही.

आई म्हणते, उद्या मला बघायला पावणं येतील, थोरलीचं विचारतील, तेव्हा 'आजारी होती' एवढंच म्हणायचं आणि विषय मिटवायचा. मी नाही मिटवणार. थोरली काय करायची असं कुणी विचारलं, तर सांगीन, बांधायची. आणि काय बांधायची म्हणून विचारलं, तर त्यांना बसवून पहिल्यापासून सगळं सांगीन, चहा गार झाला तरी.

तुझ्यावर रागावलेली आणि तुझ्याच बाजूची,
सुमी