सिमूंगाचे थर

३ ऑक्टोबर
अखेर पक्की नोकरी! चोमा शहराहून तासाभराच्या वाटेवर ही गुरांची वाडी. बोअरचा पंप, मैलोगणती तारेचं कुंपण, गुरांची कुंडं, टाक्या, सगळं आता माझ्या, या चोलवेच्या हाती. मालकीणबाई बिना मुतिंता यांनी स्वतः मक्याच्या पिठाची न्शिमा वाढली, सोबत सुकी मासळी. माझ्याआधी इथे सिमूंगा होता. सगळं त्यानंच बांधलेलं. गेल्या पावसाळ्यात पाण्याच्या टाकीच्या मनोऱ्यावरून पडून मेला बिचारा.

९ ऑक्टोबर
पंप उघडून वॉशर बदललं. पाणी भळाभळा आलं. बाई म्हणाल्या, सिमूंगा असता तर पंप बंदच पडला नसता. म्हातारा गुराखी मुदेंडा खिदळला, "पोरा, तो नुसत्या डोळ्यानं भिंत सरळ आणायचा. तुझी ओळंबा लावूनही पोट काढते!" मीही हसलो. जेवण मात्र गेलं नाही.

१४ ऑक्टोबर
मेलेल्या माणसावर जळतोय मी. लाज वाटते, पण जळतोय. आज त्याचं कुंड पहारीनं फोडलं. बाईंना सांगितलं, बैलानं धडक दिली. उद्या नवं बांधीन, त्याच्याहून देखणं.

१५ ऑक्टोबर
सकाळी पाहतो तर कुंड सांधलेलं. सिमेंट अजून ओलं. बाईंनी माझी पाठ थोपटली, म्हणाल्या, अगदी त्याच्यासारखं केलंस. मी केलं नाही, हे सांगायला हवं होतं. पण पहिल्यांदाच पाठ थोपटली होती.

१९ ऑक्टोबर
जमिनीखालची टाकी बांधतोय. ही माझी, फक्त माझी. रोज सकाळी विटांचे दोन थर जास्त असतात. मुदेंडा आईची शपथ घेतो, थापीला हात लावला नाही म्हणून. मग कोण?

२१ ऑक्टोबर
काल टाकीवर स्लॅब टाकला. माणूस उतरेल एवढं तोंड ठेवलंय. सकाळी पाहतो तर आतले माझे थर कुणीतरी काढून पुन्हा लावलेत. फक्त माझे. सिमूंगाच्या थरांना धक्का नाही.

२२ ऑक्टोबर, भर दुपार
गिलाव्याला आत उतरलो – शिडी वर ओढली गेली – टाकीच्या तोंडावर विटा. एक. मग एक. थापीचा आवाज. उजेड वहीपुरता –
बाई आल्यात. ओरडतोय. त्यांना ऐकूच जात नाही –
सिमूंगाशी बोलताहेत. किती मायेनं. माझ्याशी कधी नाही –
विचारताहेत, आत कुणी नाही ना?
तो म्हणाला –