उत्तर न तपासता

४ जून
धाकटी नणंद आजपासून माझी साहेब! घरी मी तिची वहिनी, ऑफिसात ती मॅडम. पहिल्याच बैठकीत सगळ्यांसमोर म्हणाली — “डेटाबेसचा हा भाग फार जुना झालाय.” हा भाग म्हणजे माझा. नऊ वर्षं मी सांभाळलेला! डिस्कला एक काम सांगायचं, होईपर्यंत थांबायचं, मग दुसरं. संथ होता, मान्य. पण दगा कधी दिला नाही.

८ जून
आता थांबायचं नाही म्हणे. डिस्कला ‘हे लिही’ सांगायचं नि लगेच पुढचं काम धरायचं. जमलं की नाही ते डिस्क मागाहून कळवेल. कल्पना चांगली आहे — लिहितानाही हात जड होतोय. मुख्य काम सगळं तिच्याकडे. माझ्या वाट्याला काय? डिस्कची उत्तरं तपासायची. उरलंसुरलं!

१० जून
दोन दिवसांत उरकलं. ह्यांच्याजवळ कुरकुरले, तर — “ऑफिसातलं ऑफिसात ठेव.” नोकरी सुटून सहा महिने घरी बसलेत, पण बहिणीची बाजू घ्यायला तोंड उघडतं बरोबर.

२ जुलै
नवा प्रोग्राम आमच्या एका गिऱ्हाइकाच्या, इस्पितळात सुरू. तिप्पट वेग! मालकांनी केक आणवला, तिचं कौतुक केलं. माझं नाव कुणी काढलं नाही. मी केक खाल्ला नाही.

९ जुलै
इस्पितळाची डिस्क बिघडली. रक्ततपासणीचे दोनशे चौदा निकाल गेले. प्रोग्राम मात्र दर वेळी ‘नोंद झाली’ सांगत होता! माणसांना पुन्हा सुया टोचताहेत. एका बाईचं ऑपरेशन पुढे ढकललं.

आणि मला — लिहूनच टाकते — आत कुठेतरी बरं वाटलं. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग!

११ जुलै
मालकांनी आम्हा दोघींना आत बोलावलं. “चूक कुणाची?”

ती टेबलाकडे बघत म्हणाली, “माझी.”

“मग उद्यापासून येऊ नका.”

करावं तसं भरावं! घरी हे जेवले नाहीत. बहीण ना.

१४ जुलै
तिची जागा मला मिळाली. सकाळपासून चूक शोधत होते. सापडली. डिस्क ‘जमलं नाही’ म्हणाली तरी प्रोग्राम ‘नोंद झाली’च धरायचा. ती ओळ तिची नाही. माझी. तारीख १० जून.

तिला फोन केला.

“माहीत होतं, वहिनी. मालकांनी बोलावलं त्याच्या आदल्या दिवशीच पाहिलं.”

“मग बोलली का नाहीस?”

“मला दुसरीकडे मिळेल काम. तुमच्याकडे पगार एकच उरलाय. दादाला काही सांगू नकोस.”

१५ जुलै
मालकांच्या दाराशी पाऊण तास उभी होते. दार वाजवलं नाही. तिच्या खुर्चीत जाऊन बसले.