मोरूकाकांचं शून्य

दिवेआगर, मंगळवार, संध्याकाळ

ते शून्य डोक्यातून जात नाहीये.

लहान उद्योगांच्या उत्पादकतेचा आमचा सर्वे. प्रश्न सगळ्या देशांत तेच, एक शब्दही बदलायचा नाही. आज मोरूकाकांच्या खोबरेल तेलाच्या घाण्यावर गेले होते. गेल्या वर्षी एक अख्खा महिना उत्पादन शून्य. मी फॉर्ममधली कारणं वाचली: वीज, कच्चा माल, कामगार, मागणी.

"यातलं काहीच नाही," काका म्हणाले. "पलीकडचा सदू गेला तेव्हा. त्याच्या ऑर्डरी अर्ध्यावर राहिलेल्या. मग माझा घाणा बंद ठेवला नि माझी माणसं घेऊन त्याचा चालवला. वहिनी एकट्या काय करणार होत्या?"

आणि मगाशीच 'मुख्य प्रतिस्पर्धी' म्हणून काकांनी सांगितला होता तो हाच घाणा.

ऑफिसात फोन केला. 'इतर' टाका, म्हणाले. टाकलं. म्हणजे आमच्या तक्त्यात त्या महिन्यात वहिनींचा घाणा जोरात आणि काकांचं शून्य. कुणाला कळणार हे शून्य कसलं?

उद्या वहिनींकडे जायचंय. त्यांनाही विचारावं लागेल, तुमचा मुख्य प्रतिस्पर्धी कोण? एक शब्दही न बदलता.